रायनशी हात मिळवणारी पोरं



इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजे, किल्ले आणि लढाया येतात. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत त्यात एक आजारी मुलगा आहे, त्याची आई आहे, दार बंद करणारी एक शाळा आहे आणि दार उघडणारी दुसरी शाळा आहे. लढाई यातही आहे, पण ती भीतीशी आहे. आणि त्या लढाईत पुढे कोण होतं, तर शाळा-कॉलेजातल्या पोरी आणि पोरं. गोष्ट अमेरिकेतली आहे. अमेरिका लांब असली तरी ऐकता ऐकता तुम्हाला आपल्याच गावातलं एखादं घर आठवेल.

आम्ही समन्वयक म्हणून महिनाभर गटागटांत बसतो. अंतर्गत कर्ज कशासाठी घेतलं हे वहीत पाहिलं, तर दवाखाना हे कारण पुन्हा पुन्हा दिसतं. त्यात लेकराचं मोठं आजारपण असेल तर ते घर कर्जानंच थकतं असं नाही. ते एकटं पडतं. येणं-जाणं कमी होतं, हळदी-कुंकवाचं बोलावणं येत नाही, शेजारची पोरं खेळायला पाठवत नाहीत. अशा घराला गावानं काय द्यायचं, हा आजचा विषय.

रायनला काय झालं होतं

अमेरिकेत इंडियाना नावाचं राज्य आहे. मका आणि सोयाबीन पिकवणारा तो मुलूख. तिथल्या कोकोमो नावाच्या गावात मोटारींचे भाग बनवणारे कारखाने होते. अशाच एका कारखान्यात जीन व्हाईट नावाची बाई कामाला होती. ६ डिसेंबर १९७१ रोजी तिला मुलगा झाला. त्याचं नाव रायन. जन्मानंतर तीनच दिवसांत कळलं, की बाळाला हिमोफिलिया आहे.

विळीवर बोट कापलं तर आपण बोट दाबून धरतो, हळद लावतो आणि थोड्या वेळात रक्त थांबतं. रक्त गोठवणारे घटक आपल्या रक्तातच असतात म्हणून ते थांबतं. हिमोफिलिया असलेल्या मुलात त्यातला एक घटक जन्मतःच कमी असतो. मुलगा पडला, गुडघा आपटला, की सांध्याच्या आत रक्त साठतं आणि तो कळवळतो. हा आजार बहुतेक मुलग्यांना होतो आणि आईकडून येऊ शकतो. पण साधारण तिसरा हिस्सा रुग्णांच्या घराण्यात तो आधी कोणालाच नसतो. म्हणून असं लेकरू जन्मलं तर सुनेला बोल लावू नये, हे आम्ही इथेच सांगून ठेवतो.

रायन लहान होता त्या काळात या आजारावर एक नवं औषध आलं होतं. त्याला फॅक्टर आठ म्हणत. हजारो रक्तदात्यांच्या रक्तातला पातळ भाग एकत्र करायचा आणि त्यातून तो घटक वेगळा काढायचा. सुई टोचली की रक्त थांबे. मुलं शाळेत जाऊ लागली, सायकल चालवू लागली. आयांना वाटलं, देव पावला.

पण हजारोंच्या रक्तात एखाद्याला जरी एचआयव्हीची लागण असली, तरी तो विषाणू सगळ्या औषधात उतरत होता. हे फार उशिरा कळलं. रक्त तपासायची चाचणी अमेरिकेत १९८५ साली आली. तोवर हिमोफिलियाच्या हजारो रुग्णांना लागण होऊन गेली होती. डिसेंबर १९८४ मध्ये रायनला न्युमोनिया झाला, फुप्फुसाची शस्त्रक्रिया करावी लागली, आणि डॉक्टरांनी आईला सांगितलं, की याला एड्स झाला आहे, सहा महिने काढेल. रायनला तेव्हा नुकतं तेरावं वर्ष पूर्ण झालं होतं.

बंद झालेलं दार

रायन सहा महिन्यांत गेला नाही. उलट त्याला थोडी ताकद आली आणि तो आईला म्हणू लागला, मला शाळेत जायचं आहे. १९८५ च्या जुलै महिन्यात शाळेच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, येता येणार नाही.

तोपर्यंत डॉक्टरांना नीट कळलं होतं, की हा आजार शेजारी बसून, एका बाकावर लिहून, हात मिळवून पसरत नाही. राज्याच्या आरोग्य खात्याच्या प्रमुखांनी शाळेला तसं सांगितलंही. पण शंभराहून जास्त पालकांनी आणि सुमारे पन्नास शिक्षकांनी त्याला घेऊ नका म्हणून अर्जावर सह्या केल्या. ती माणसं दुष्ट होती असं आम्ही म्हणणार नाही. त्यांनाही पोरं होती. टीव्हीवर रोज मरणाच्या बातम्या येत होत्या आणि खरं काय ते घरी येऊन समजावून सांगणारं कोणी नव्हतं.

मग रायनची शाळा फोनवर भरू लागली. वर्गात एक फोन, घरी एक फोन. आवाज नीट यायचा नाही, फळ्यावरचं दिसायचं नाही. आई कोर्टात गेली. निकाल कधी इकडे, कधी तिकडे. फेब्रुवारी १९८६ मध्ये तो एक दिवस शाळेत गेला आणि त्याच दिवशी कोर्टाची मनाई आली. एप्रिलमध्ये पुन्हा परवानगी मिळाली. पण त्याला वेगळं स्वच्छतागृह दिलं होतं, जेवायला फेकून द्यायचे चमचे आणि ताटल्या होत्या, आणि खेळाच्या तासाला बसता येत नव्हतं. काही पालकांनी आपली मुलं काढून वेगळी शाळाच सुरू केली.

रायन सकाळी घरोघर वर्तमानपत्रं टाकायचा. त्याच्या हातचं वर्तमानपत्र नको म्हणून लोकांनी ते बंद केलं. तिथल्या चर्चमध्ये प्रार्थनेनंतर शेजाऱ्याशी हात मिळवून 'शांती लाभो' म्हणायची रीत आहे. ईस्टरच्या सणाला या मायलेकरांपुढे कोणी हात केला नाही. पुढे तर त्यांच्या घराच्या खिडकीतून बंदुकीची गोळी आत आली. तेव्हा आईनं गाव सोडायचं ठरवलं.

उघडलेलं दार

१९८७ साली हे कुटुंब सिसेरो नावाच्या लहान गावी राहायला गेलं. तिथल्या मुलांसाठी हॅमिल्टन हाइट्स नावाची माध्यमिक शाळा होती. राज्य तेच, शेतकरी तेच, भीतीही तीच. पण इथे काम वेगळ्या पद्धतीनं झालं.

रायन येणार हे कळल्यावर मुख्याध्यापकांनी सुट्टीचे दिवस वाया घालवले नाहीत. त्यांनी आजाराची माहिती गोळा केली, घरोघर गेले, गावातल्या मंडळांत बोलले. जाणकार माणसं शाळेत आणली. मुलांना शास्त्रशुद्ध माहिती दिली, मनात येईल तो प्रश्न विचारू दिला. ज्याला भीती वाटते त्यानं समुपदेशकाकडे जाऊन बोलावं, अशी सोय केली. मुलं ते सगळं ऐकून घरी गेली आणि आई-बापाला समजावू लागली. मैत्रिणींनो, हे लक्षात घ्या. कोकोमोत आई-बापांची भीती पोरांपर्यंत आली होती. इथे पोरांचं ज्ञान आई-बापांपर्यंत गेलं.

यात शाळेच्या विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष असलेली एक मुलगी पुढे होती. ती रायनच्या घराजवळच राहायची. तिनं आणि तिच्या सोबत्यांनी ठरवलं, की नव्या मुलाचं स्वागत आपण करायचं. ३१ ऑगस्ट १९८७ रोजी रायन शाळेत आला. दारात मुख्याध्यापक होते, मुलं होती, आणि त्यांनी त्याच्याशी हात मिळवला. ज्याच्याशी हात मिळवायला लोक घाबरत होते, त्याच्यासाठी ते औषधाहून कमी नव्हतं.

त्या शाळेत रायन साध्या मुलासारखा राहिला. अभ्यास केला, गाडी चालवायला शिकला, मित्रांबरोबर फिरला. मार्च १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी एड्सबाबत नेमलेल्या आयोगापुढे त्यानं साक्ष दिली. सोळा वर्षांच्या त्या पोरानं दोन्ही गावांचे अनुभव सांगितले आणि दुसऱ्या गावात जे बदललं ते शिकवल्यामुळे बदललं, हे मांडलं.

औषधं तेव्हा आजच्यासारखी नव्हती. ८ एप्रिल १९९० रोजी इंडियानापोलिस शहरातल्या रायली बालरुग्णालयात रायन गेला. अठरा वर्षांचा होता. शाळेचं शेवटचं वर्ष संपायला महिनाच उरला होता. अंत्यविधीला हजाराहून जास्त माणसं आली, त्यात राष्ट्राध्यक्षांची पत्नीही होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या संसदेनं एचआयव्ही असलेल्या गरीब रुग्णांच्या उपचारासाठी कायदा केला आणि त्याला रायनचं नाव दिलं.

मैत्रिणीनं धरलेला धागा

रायनला पुढे इंडियाना विद्यापीठात शिकायला जायचं होतं. तो जाऊ शकला नाही. पण त्याचं स्वागत करणारी ती विद्यार्थी मंडळाची मुलगी तिथे शिकत होती. तिनं सोबत्यांना गोळा केलं आणि १९९१ मध्ये रायनच्या आठवणीत एक उपक्रम सुरू केला. कॉलेजच्या पोरापोरींनी ३६ तास सलग उभं राहायचं, नाचायचं, बसायचं नाही, झोपायचं नाही. त्यासाठी आधी ओळखीच्यांकडून, दुकानदारांकडून, माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या गोळा करायच्या. तो पैसा रायली बालरुग्णालयाला, तिथल्या रायनच्या नावाच्या संसर्गजन्य आजारांच्या केंद्राला द्यायचा.

नाचून काय होणार, असं तुम्ही म्हणाल. आपल्याकडे रात्रभर जागर करतात, दिंडीत दिवस दिवस चालतात. शरीर थकवून मन एका ठिकाणी लावायची रीत आपल्याला नवी नाही. त्या पोरांचा हिशेब असा होता, की आजारी लेकरं महिनोन् महिने झोपेविना वेदना सोसतात. आपण त्यांच्यासाठी दीड दिवस पाय दुखवून घेऊ. आणि ३६ तासांच्या त्या कार्यक्रमात रायलीत उपचार घेतलेली मुलं आणि त्यांच्या आया स्वतः येतात, मंचावर उभं राहून आपली हकीकत सांगतात, पोरांबरोबर खेळतात. देणारा आणि घेणारा एकमेकांना पाहतात. चेकबरोबर ओळखही होते.

पहिल्या वर्षी अकरा हजार डॉलरच्या आसपास रक्कम जमली. पुढे एकेका वर्षाचा आकडा दहा लाख डॉलरच्या पुढे गेला. हे पाहून अमेरिका आणि कॅनडातल्या शेकडो विद्यापीठांनी आणि शाळांनी आपापल्या भागातल्या बालरुग्णालयांसाठी असाच उपक्रम धरला.

त्याआधीची एक वाट

खरं तर नाचाची ही कल्पना रायनच्या सोबत्यांच्याही आधीची आहे. पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या पेन स्टेट विद्यापीठात १९७३ साली ३९ जोड्या ३० तास नाचल्या आणि दोन हजार डॉलरच्या वर पैसे जमले. त्या वेळी ते मतिमंद मुलांच्या एका संस्थेला गेले.

त्याच्या आदल्या वर्षी त्याच राज्यात ख्रिस्तोफर मिलार्ड नावाचा चौदा वर्षांचा मुलगा कर्करोगानं गेला होता. आजारात त्यानं एक गोष्ट लिहिली होती. एक योद्धा जादूगारणीच्या कैदेत सापडतो आणि सुटण्यासाठी त्याला चार हिरे शोधावे लागतात. धैर्य, शहाणपण, प्रामाणिकपणा आणि बळ, हे ते चार हिरे. मुलगा गेल्यावर आई-वडिलांनी त्या गोष्टीच्या नावानं निधी उभा केला. हर्शी गावातल्या रुग्णालयात कर्करोगाच्या मुलांच्या उपचाराचा जो खर्च विम्यात बसत नाही, तो हा निधी भरतो. १९७७ साली पेन स्टेटच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, की आपला पैसा दरवर्षी इथेच द्यायचा. तेव्हापासून आजवर त्यांनी २० कोटी डॉलरहून जास्त रक्कम दिली आहे आणि चार हजारांहून जास्त कुटुंबांना त्याचा आधार मिळाला आहे.

एकदा ठरवलं आणि पन्नास वर्षांच्या जवळपास टिकवलं, हे कसं जमलं असेल? विद्यार्थी तर चार वर्षांत शिकून निघून जातात. आम्ही गट चालवणाऱ्या बाया असल्यामुळे आम्हाला यात सगळ्यांत जास्त रस वाटला, म्हणून थोडं थांबून सांगतो.

पहिली गोष्ट, कामाच्या समित्या ठरलेल्या आहेत. कोणी जेवणखाण पाहतं, कोणी सुरक्षा, कोणी हिशेब, कोणी आजारी मुलांच्या कुटुंबांशी संपर्क. नाचणारी पोरं काही शेकडा, पण राबणारी हजारो. दुसरी, दरवर्षी पदाधिकारी बदलतात. जुने नव्यांना शिकवून काम सोपवतात. अध्यक्षपद कोणाच्या घरचं होत नाही. तिसरी, शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर एकेक आकडा उंच धरून जमलेली रक्कम दाखवतात, अगदी शेवटच्या सेंटपर्यंत. आपण बैठकीत जमा-खर्च वाचून दाखवतो तसंच. चौथी, विद्यार्थ्यांचे गट एकेका आजारी मुलाच्या कुटुंबाशी जोडले जातात. वाढदिवसाला पत्र, सुट्टीत भेट, आणि मूल गेलं तरी त्या आई-बापाशी नातं तोडत नाहीत.

पाचवी गोष्ट चुकीतून आलेली आहे. पूर्वी ही पोरं शनिवार-रविवारी लांब लांबच्या गावी जाऊन चौकात डबे घेऊन पैसे गोळा करायची. त्या प्रवासात अपघात झाले, विद्यार्थी दगावले. मग तसं पैसे गोळा करणं टप्प्याटप्प्यानं बंद केलं. पैसा कमी होईल ही भीती होती, तरी बंद केलं. दुसऱ्याच्या लेकरासाठी आपलं लेकरू धोक्यात घालायचं नाही, हे त्यांनी ठरवलं. २०२१ मध्ये करोनामुळे एकत्र जमता येत नव्हतं, तेव्हा पोरांनी आपापल्या जागी राहून कार्यक्रम केला. त्या वर्षीही एक कोटी डॉलरच्या वर रक्कम जमली.

आपल्या देशात

रायन शाळेच्या दारात उभा होता त्याच १९८६ साली आपल्या देशात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले. तेही एका विद्यार्थिनीमुळे. चेन्नईच्या वैद्यकीय महाविद्यालयात निर्मला सेल्लप्पन पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. प्राध्यापक सुनीती सॉलोमन यांनी त्यांना हा विषय दिला. निर्मलाताईंनी रक्ताचे नमुने गोळा केले, घरच्या फ्रिजमध्ये ठेवले, आणि रात्रीच्या गाडीनं वेल्लोरला तपासायला नेले. 'आपल्याकडे हा आजार येणारच नाही' म्हणणाऱ्यांचा गैरसमज त्या नमुन्यांनी दूर केला.

आजार आला तशी भीतीही आली. केरळमध्ये एचआयव्ही असलेल्या दोन लहान भावंडांना शाळेत कोणी घेईना, त्याची चर्चा २००३ साली देशभर झाली. आपल्या लातूर जिल्ह्यात २००९ मध्ये एका गावात अशीच वेळ आली. एचआयव्ही असलेली मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत येतात म्हणून पालकांनी आपली मुलं घरी बसवली आणि प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. कोकोमो आणि लातूर यांच्यात समुद्र आहे, चोवीस वर्षांचं अंतर आहे, पण आई-बापांच्या मनातला प्रश्न एकच होता.

या काळात औषधं मात्र फार पुढे गेली. एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारी दवाखान्यांत एचआयव्हीवरची एआरटी औषधं मोफत मिळू लागली, आणि २००६ पासून मुलांसाठीची वेगळी औषधं आली. रोज गोळी घेणारं मूल आज शिकतं, वाढतं, कमावतं होतं. गरोदर बाईची वेळेत तपासणी झाली आणि तिनं उपचार घेतले, तर बाळाला लागण होण्याची शक्यता शंभरात पाचच्याही खाली येते. रायनच्या आईला यातलं काहीही मिळालं नव्हतं.

कायदाही आला. एचआयव्ही आणि एड्सबाबतचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून मुलाला शाळेतून काढता येत नाही, दवाखान्यात उपचार नाकारता येत नाहीत. कोणाचा आजार त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्यांना सांगता येत नाही. आणि बायकांसाठी महत्त्वाचं म्हणजे, नवरा गेला, बाईला लागण आहे, म्हणून सासरच्यांनी तिला राहत्या घराबाहेर काढायचं नाही, असा हक्क या कायद्यानं दिला आहे.

विद्यार्थ्यांची फळी आपल्याकडेही आहे. राष्ट्रीय सेवा योजना, जिला पोरं एनएसएस म्हणतात, ती २४ सप्टेंबर १९६९ रोजी गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. आज गावोगावी सात दिवसांची शिबिरं होतात. आपल्या गावातही कधी रस्ता झाडायला, झाडं लावायला ही पोरं आली असतील. अनेक कॉलेजांत रेड रिबन क्लब आहेत. त्यांचं कामच एचआयव्हीची खरी माहिती देणं आणि रक्तदान वाढवणं हे आहे. थॅलेसेमियाच्या मुलांना दोन-चार आठवड्यांनी रक्त भरावं लागतं. उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत रक्तपेढ्या रिकाम्या होतात, तेव्हा अशा मुलांच्या आयांचा जीव टांगणीला लागतो. कॉलेजच्या शिबिरातली एक बाटली तिथे पोचते.

यातून आपण काय घ्यायचं

या इतिहासातला क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. पैसा १९९१ साली जमला. हात त्याआधी चार वर्षं मिळवला गेला होता. आधी त्या मुलांनी आजार समजून घेतला, मग ते ज्ञान घरी नेलं, मग आजारी मुलाशी मैत्री केली आणि त्या मैत्रीतून पुढे निधी उभा राहिला. भीती तशीच ठेवून नुसती वर्गणी काढली असती, तर रायनच्या हातात पैसे पडले असते आणि तो फोनवरच शाळा ऐकत राहिला असता.

आपल्या गटांतही आम्ही हाच क्रम सुचवतो. गावात कोणाला काय आजार आहे हे शोधत फिरायचं नाही. ते चूक आहे आणि कायद्याच्याही विरुद्ध आहे. रायनचं नाव कोर्टामुळे जगाला कळलं, आपल्याकडच्या लेकरांवर ती वेळ येऊ नये. आपण माहिती मात्र सगळ्यांना द्यायची. एचआयव्ही एका ताटात जेवून, एका बाकावर बसून, डास चावून, पाणी भरताना किंवा कपड्यांतून होत नाही. असुरक्षित शरीरसंबंधातून, लागण झालेल्या रक्तातून, वापरलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला होतो. एवढं प्रत्येक सदस्याला पाठ हवं. शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येतं, नाव सांगावं लागत नाही.

दुसरं, जवळच्या कॉलेजच्या एनएसएसच्या शिक्षकांना ग्रामसंघानं पत्र द्यावं. यंदाचं शिबिर आमच्या गावात घ्या, आणि झाडलोटीबरोबर एक संध्याकाळ आरोग्याच्या माहितीला द्या, रक्तदानाचा कार्यक्रम ठेवा, असं लिहावं. आशाताई आणि अंगणवाडी सेविका आहेतच. मुलगी कॉलेजात शिकणारी असेल तर तिला बैठकीत बोलवा. आईपेक्षा लेकीनं सांगितलेलं आजी कधी कधी लवकर ऐकते.

तिसरं, ज्या घरात लेकरू कुठल्याही मोठ्या आजारानं आजारी आहे, मग ते कर्करोगाचं असो, थॅलेसेमियाचं असो की किडनीचं, त्या घराशी दोन सदस्यांनी नातं ठेवावं. मोठ्या दवाखान्यात जायचं तर एक बाई सोबत जाते, मागे राहिलेल्या भावंडांना दुसरी जेवू घालते, जनावरांना पाणी दाखवते. सरकारी योजनेची कागदपत्रं, रेशनकार्ड आणि आधारकार्डाची जुळणी, हे आपल्याला येतं. गटाच्या कामात आपण ते शिकलो आहोत. बऱ्याच घरांत उपचार अर्धवट सुटतात ते गाडीभाडं, बुडालेली मजुरी आणि सोबत नसल्यामुळे. यातलं सोबतीचं काम पैशाविना होतं.

चौथं, गटानं आरोग्यासाठी वेगळा लहान निधी ठेवायचा ठरवला तर त्याची वही वेगळी ठेवा, दर महिन्याला वाचून दाखवा, आणि तो पाहणारी सदस्य दरवर्षी बदला. पेन स्टेटच्या पोरांचं काम याच शिस्तीवर टिकलं.

इंडियानापोलिसच्या मुलांच्या संग्रहालयात रायनची झोपायची खोली उभी केलेली आहे. शाळेच्या सहलीतली लहान मुलं ती पाहायला येतात. एका साध्या पोराची खोली इतिहासात जमा झाली, आणि तिच्याबरोबर त्याच्याशी हात मिळवणाऱ्या शाळासोबत्यांची गोष्टही.

पुढच्या बैठकीत वसुली आणि बचत झाली की दहा मिनिटं काढा. ही गोष्ट एका सदस्यानं सांगावी. मग सगळ्यांना एकच प्रश्न विचारा: आपल्या गावच्या शाळेत उद्या रायन आला, तर आपण आपल्या लेकराला काय सांगून शाळेत पाठवू? उत्तरं कार्यवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा आणि आम्हाला रेडिओवर कळवा. आम्ही ती वाचून दाखवू.